ऑर्किड बरं झालं तेव्हा

माझ्या नाक खुपसण्याची एक गोष्ट सांगते, हसू नका. सर्वण गावात आमच्या शेजारी सुमनवहिनी एकट्या राहतात. त्यांची नीता लग्न होऊन लंडनला गेली आणि जाताना खिडकीतलं ऑर्किड आईच्या हवाली करून गेली. वहिनी सकाळी तुळशीला पाणी घालून आल्या की उरलेला तांब्या ऑर्किडमध्ये ओतायच्या. कुंडीत नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं भरलेली, ती कायम ओलीच. मुळं कुजायला लागली.

मग काय, रोज संध्याकाळी नीताचा व्हिडिओ कॉल. "आई, कुंडी जवळ आण. आजपण पाणी घातलंस ना?"

"थोडंसंच गो!"

मला कुठे राहवतंय! पेडण्याच्या माझ्या बहिणीची ऑर्किडं कोळशात वाढतात. एकदा वहिनी बाजारात गेल्या होत्या, चावी माझ्याकडेच असते. मी सोडणं काढून टाकली, कुजकी मुळं कापली आणि चुलीतला विझलेला कोळसा नि फुटक्या कौलाचे तुकडे घालून झाड बसवलं. दीड महिन्यात नवी मुळं फुटली! त्या संध्याकाळचा फोन मीच उचलला.

"बाय, झाड एकदम बरं झालं. आता तू काळजी करू नको."

"देव बरें करूं, मावशी!"

पंधरा दिवसांनी मी कौतुक ऐकायला गेले. "वहिनी, झाड कसं तरारलंय बघा!"

"तरारलंय गो," वहिनी म्हणाल्या. "पण तिला सांगायची एवढी घाई कसली होती तुला? पंधरा दिवस मी पोरीचं तोंड पाहिलं नाही."