काकांच्या हुकमाची भूक

...नाही, पण वजन घटलं म्हणून टाळ्या पिटणारं घर पाहिलंय का तुम्ही? आमचं बघा! बाबांच्या हृदयाची नळी तुंबलेली निघाली, स्टेंट बसवायचं ठरलं, आणि त्या दिवसापासून काकांनी बाबांचं ताट ताब्यात घेतलं. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबा अजून त्यांच्यासमोर खुर्चीला पाठ टेकत नाहीत! 'हृदयावर भार नको!' दूध बंद. अंडं बंद. डाळीचं नुसतं वरचं पाणी. उरलं काय? उकडलेला भोपळा आणि काका! बोलणार कोण? मी? मी तर कॉलेज सोडलेला!

तुम्हाला सांगतो, बाबांच्या पट्ट्याला काका नवी भोकं पाडायचे हो! खिळा घेऊन, स्वतःच्या हातानं! आणि आत्या प्रत्येक भोकाला, 'अगंबाई दादा, हा तर लग्नात होता तसा दिसायला लागला!' लग्नात? अहो, दारातून शर्ट चालत यायचा, आत माणूस शोधावा लागायचा! एकदा पाठमोरे दिसले आणि मी दचकलोच... वाटलं, बाबांचे कपडे घालून घरात कोण फिरतंय हे?

डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं, 'यांच्या अंगात काही उरलेलंच नाही. नळ्या दिसाव्यात म्हणून आम्ही आत औषध सोडतो, ते किडनीला बाहेर टाकावं लागतं. अशा खंगलेल्या माणसाची किडनी तिथं दगा देऊ शकते. अजून वेळ आहे, खायला घाला.' मी घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं, तर काका म्हणतात, 'दुखणं हृदयाचं, किडनी मध्येच कुठून आली? अर्धवटांनी आम्हाला शिकवू नये!' बरोबरच आहे! मी कॉलेज सोडलेला!

स्टेंट झकास बसला. किडनीही बसली... खाली! कॉटला लघवीची पिशवी टांगलेली, कोरडी ठणठणीत, आणि तिच्याभोवती आमचं अख्खं खानदान. आत्या कुजबुजते, 'आली का?' जशी काय पाहुणीच यायचीय! मला हसू फुटलं हो! अजून कुठं काही टांगलेलं दिसलं, दुकानातली पिशवी म्हणा, वाळत घातलेला मोजा म्हणा, की माझी नजर आधी तळाला जाते... थेंब आहे का?

आली. उशिरा, पण आली! 'थोडक्यात वाचले,' बाई म्हणाल्या. 'आता मी सांगते तेवढं खाल्लंच पाहिजे, नाहीतर अंग भरून यायचं नाही.' काका पुन्हा दवाखान्यात फिरकले नाहीत. तिथल्या वासानं म्हणे त्यांची भूक मरते!

बाबांना घरी आणलं. मऊ भात, त्यात अंडं कालवलेलं, चमचा मी तोंडापाशी नेला. बाबा माझ्या खांद्यावरून मागं बघतात. मागं भिंत! 'दादाला विचारलंस?' म्हणाले. अहो, मरता मरता वाचलेला माणूस, आणि भुकेला परवानगी मागतोय! समजावलं, ओरडलो, आई रडली. तोंड बंद म्हणजे बंद. शेवटी मी छाती फुगवली, घसा खाकरला आणि काकांच्या त्या ढोलासारख्या आवाजात गरजलो, 'खा रे! मी सांगतोय!'

बाबांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

आता रोज दोन्ही वेळा हेच चाललंय. अंग भरतंय म्हणे. पण काल आई भाजीत मीठ घालता घालता थांबली, माझ्याकडे बघत राहिली, घालू का म्हणून... आणि तुम्हाला सांगतो, मी मान डोलावली हो!