पारीवरची जांभूळ अन् शेवंताबाईचं जाळं

मी लिहावं असा मी कोणी नाही. आमच्या घरातून कॉलेजात पोहोचलेला मी पहिलाच, आणि साधा अर्ज लिहितानाही अजून माझा हात अडतो. तरी शेजारच्या शेवंताबाईचं बोलणं ऐकलं आणि ते तसंच विरून जावं असं वाटेना. ती कुरखेड्याच्या बाजारात जांभळं विकते. तिच्याच बोलीत उतरवलं आहे. तिचा राग माझ्या हातून कमी पडला असेल, तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

बस बापा. लिहून राह्यला तं लिही, पन मी रागानंच बोलन, मंग म्हनशील बाई भांडखोर हाय. आमी ढिवर मानसं. माहा बाप तलावात जाळं टाके, सासराबी जाळंच टाके, मी लग्न होऊन आली तं अंगावरची हळद गेली नोती अन् सासूनं हातात सुई देल्ली, म्हने फाटलं ते जाळं शिव. मासोळीसाठी जाळं जुनं झालं का आमच्यात ते फेकत नाई, जांभळीखाली बांधतेत, कोपरे खुट्यांले अन् मधात झोल. काऊन, तं जांभूळ पिकलं का आपल्या मनानं सुटते, भुईवर पडलं का फुटते, जाळ्यात पडलं का साबूत राह्यते. झाडाले हलवाचं नाई, वर चढाचं नाई. झाडाच्या खांदीवर हाय ते कोनाचंच नाई, जाळ्यात आलं ते जाळंवाल्याचं, मासोळीसारखं.

काय सांगू तुले, तलावाच्या पारीवरची, बांधावरची ते जांभूळ! दाना अंगठ्याएवढा, बी बारीक, तुरटपना नावाले. एक मास्तरीन बाई होती, बाजारात आलूबुखारे शोधत फिरे, तिच्या मामाकडं कुठीतरी थंड मुलुखात झाड होतं म्हने, त्याची चव तिच्या तोंडातून जाये नाई. दुकानात भेटे ते लाल चकचकीत अन् आत गोटा, दात लागे नाई. मी म्हन्लं बाई, ते कच्चंच तोडून पेटीत भरतेत, हे खाऊन पाहा. तिनं खाल्लं अन् पानाचा दोना पुढं केला, आनखी दे. मंग दर बाजारी ये.

अन् असं झाड! गावच्या कमिटीनं पारीवरची सारी झाडं ठेकेदाराले देल्ली. मी गेली, म्हन्लं मले विचारलं काऊन नाई, तं एक जन म्हनते, झाड काय तुह्या बापाचं हाय? नाई बाप्पा, माह्या बापाचं नाई, मंग तुह्या बापाचं हाय का?

जांभळं अजून लालच होते अन् ठेकेदाराचे पोट्टे कुराडी घेऊन चढले. खाली माहं जाळं बांधलेलं. मी बोंबलली, थांबा ना रे थोडे दिवस, आपल्या मनानं पडन. ठेकेदार म्हने मावशी, नागपूरची गाडी थांबत नाई, पोत्यात पावडर टाकली का रंग येते. रंग येते! अन् चव कुठून आनशील रे, तुह्या घरून? खांद्याच्या खांद्या तोडल्या, धडाधड माह्या जाळ्यात पडल्या, जाळं फाटलं. मी कोपरे सोडले, होतं ते सारं गोळा केलं अन् पाठीवर घेतलं. ठेकेदार म्हने हे चोरी हाय. मी म्हन्लं जाळ्यात आलं ते माहं, बलाव पोलीस, मी इथीच बसून राह्यली. तं हसले सारे. ठेकेदार हसला त्याचं काई नाई, गावचे हसले, त्याच गावानं जलमभर त्या झाडाचे जांभळं खाल्ले! माहा देर म्हने वैनी, सोड, लोकं पाहून राह्यले. पाहू दे ना! ते कच्चे जांभळं मी पंचायतीच्या ओट्यावर नेऊन ओतले, म्हन्लं घ्या, तुमीच खा. डुकरानंबी हुंगले नाई.

आता पान्याकडची एकच खांदी राह्यली, तलावावर झुकलेली. तिच्यावर चढाले पोट्टे भ्याले. मी जाळं शिवून राह्यली. पुढच्या साली मोहर आला तं पाहू, नाई आला तं त्या झाडानं तरी काऊन द्यावं आमाले? तू शिक बापा, मोठा हो, साहेब हो, पन कच्चं तोडाची नोकरी करू नको.

हे ऐकून मी होस्टेलवर परतलो. पुढे वर्षभर घरी फोन केला की मी झाडाचं विचारायचो, आणि आई म्हणायची, अजून काही नाही. उन्हाळा सरताना शेवटी आईचाच फोन आला. त्या एका फांदीला जांभळं लागली होती. शेवंताबाईनं ‘सोड’ म्हणणाऱ्या त्याच दिराला छातीभर पाण्यात उभं करून खुंट्या ठोकून घेतल्या आणि जाळं पाण्यावर ताणलं. ठेकेदाराचा माणूस कधी तोडायचं म्हणून विचारायला आला, तर ती एवढंच म्हणाली, पोहता येते का तुले?

मी आईला विचारलं, माझ्यासाठी थोडी ठेवलीत का? मागून शेवंताबाईच ओरडली, पिकलेलं ठेवता येत नाई रे, खाचं असन तं ये.