सुईचा रकाना

विषय— सौ. सुनंदा यांच्या नावापुढची नोंद. संदर्भ— तुमच्या पाहणीचा फॉर्म, मार्च शहाण्णव. हसू नका ताई, छत्तीस वर्षं कारकुनी केली, त्याशिवाय तोंड उघडत नाही. त्या फॉर्मवर सही मागायला आलात ना? करतो. आधी ऐका. चहा घ्या, निवतोय, हिनं केलाय. तर तुमच्या पथकानं आपल्या खांदा कॉलनीत घरोघर रक्त घेतलं— काविळीच्या अँटिबॉडी कुणात सापडतात ते बघायला— आणि दोन याद्या केल्या. सापडल्या ते डावीकडे, नाही सापडल्या ते उजवीकडे, खाली सवयी: तंबाखू, दारू, बाहेरचं खाणं, व्यायाम. आता मला बघा— तंबाखू चाळीस वर्षं, शनिवारी पळस्प्याला एक क्वार्टर, व्यायाम म्हणाल तर पेपर उलटणं— मी उजवीकडे, ठणठणीत! आणि सुनंदा— गुरुवारचा उपास, बाहेरचं पाणीसुद्धा नाही— ती डावीकडे. म्हणजे तुमच्या तक्त्याप्रमाणे तंबाखूनं रक्त शुद्ध राहतं. छापा की!

तुम्ही हसता, महिला मंडळ हसत नाही. यादी फुटली कशी, ते विचारत नाही मी— पण फुटली. बायकांनी 'सवयी' वाचलं आणि काय समजायचं ते समजल्या. सत्यनारायणाचा शिरा अकरा वर्षं हिच्या हातचा. यंदा म्हणाल्या, सुनंदाताई, तुम्ही नुसती आरती म्हणा.

म्हणून तुमच्या ऑफिसात अर्ज केला— रकाना वाढवा: सुई कुठं घेतली, किती घेतल्या. का? अहो, डावीकडच्या एकोणीस घरांत मी स्वतः जाऊन आलो. सतरा जण एकाच दवाखान्याचे. तिथला कंपाउंडर एकच सुई कोमट पाण्यात बुचकळतो आणि पुढच्याच्या दंडात! — मला कसं ठाऊक? पाहिलंय ना. दर मंगळवारी, दोन वर्षं. हिला अशक्तपणा होता. ही म्हणायची, गोळ्याच द्या हो डॉक्टर— आणि मी म्हणायचो, गोळीनं काय होतंय, सुई द्या! सगळेच म्हणतात, सुईशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. — मी? नाही, मी कधीच नाही घेतली. मला आपल्या गोळ्या. मला सुई... बघवत नाही. तो बुचकळायचा ते दिसायचं— मग मी तिचा हात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो.

हे लिहू नका. — नाही, लिहा. जागा नाही? समासात लिहा. माझ्या नावानं लिहा.

चहा तसाच की हो. — उपास? आज? — ताई, ही कावीळ रक्तातून लागते, कपाबशीनं नाही. तुमच्याच पत्रकात आहे, पान दोन. द्या तो कप इकडे, मी पितो. हळू बोला, ती आत आहे.

सही मिळणार नाही. या आता. अर्ज चार एप्रिलला दिलाय, पोच आहे माझ्याकडे. अद्याप उत्तर नाही.