हिराजीकाकाचा पांगाऱ्याचा मासा

ऐका. आणि मागे कोण कुजबुजतंय, गप बसा बघू! आमच्या हिराजीकाकाची गोष्ट आहे. मान राखून ऐकायची.

काकासारखा गरी टाकणारा, गळाने मासे धरणारा, या अख्ख्या खाडीकाठी झाला नाही. होडी नको, जाळं नको. काठावर उभा राहून जिताडा काढायचा, खाडीतला राजा मासा, जिताडा! आणि गरीला कोळंबी नाही हं. स्वतः कोरलेला पांगाऱ्याचा लाकडी मासा. पोटात शिसं, शिंपल्याचे डोळे. पाण्यात असा वळवळायचा की जिताड्याने झडप घातलीच म्हणून समजा.

तर काकाचा नवा जावई पहिल्यांदा जेवायला येणार होता. काका देवळात सगळ्यांसमोर बोलून बसला, "जावयाच्या ताटात माझ्या लाकडी माशाने काढलेला जिताडाच पडंल!" आणि नेमकं काही लागेना. उद्या जावई दारात! मग काय, निघाला रात्रीच, एकटा.

काकी म्हणाली, "बांधावरनं जावा. खाजणाच्या दलदलीतली वाट नको, तितं गिऱ्हा हाय."

गिऱ्हा म्हणजे ठाऊक ना? बुडून मेलेल्याचं भूत. माणसाला भुलवून पाण्यात नेतं. काका हसला. "त्याला पण गरीला लावतो!" आणि गेला की हो खाजणातूनच!

गरी फेकली. पहिल्याच फेकीला झटका! दोरी मनगटाला गुंडाळलेली, ती करकचली. समोर पांढराशुभ्र जिताडा उसळला. केवढा? माणसाएवढा! काका एक पाऊल पुढे. मासा तेवढाच मागे. काका थांबला. मासाही थांबला. काका परत फिरू लागला, तर मासा आपणहून जवळ येऊन लोळायला लागला! घोट्याचं पाणी गुडघ्याला आलं. काकाला पत्ता नाही.

तेवढ्यात पुढच्या अंधारातून हाक आली. "मामा, सोडू नका! मी धरतो, पुढं या!"

जावयाचा आवाज! काका हरखला. पुढे गेला. पाणी कमरेला.

आता बघा माझा काका! दुसरा कोणी असता तर तिथेच संपला असता. काका त्या माशाकडे बघत राहिला. घाबरलेला जिताडा काठच्या तिवराच्या झाडांच्या मुळात घुसतो, असा समोर नाचत नाही. थोडा पळ, थोडा थांब, हलकी थरथर... अरे, ही तर माझीच लकब! मासा असा नाचतो तो कोणी नाचवला तरच. मग याला नाचवतंय कोण?

काकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. खरी गरी टाकली होती ती गिऱ्ह्याने. आणि त्या गरीला काकाच लागला होता!

पाणी छातीला! दोरी सुटेना! कमरेचा कोयता काढला, पण हात अडला. टोकाला त्याचा लाडका मासा होता ना! डोळे मिटले आणि खाड्कन दोरी तोडली. मागे काहीतरी खदाखदा हसलं. काका चिखलातून रांगत, पाय रक्तबंबाळ करत बांधावर आला.

दुसऱ्या दिवशी जावयाच्या ताटात सुकट. काकाने मान ताठ ठेवून सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं. मला अजून त्याचा अभिमान वाटतो.

पण पोरांनो, त्या वाटेने कधी जायचं नाही. काळोख्या रात्री तिथे एक छोटा मासा वळवळताना दिसतो. शिंपल्याचे डोळे चमकतात. काका वाचला, कारण गिऱ्ह्याचा मासा खोटा होता आणि काकाला ते कळलं. आता गिऱ्ह्याच्या हातात आमच्या काकाचा मासा आहे. तो खोटा आहे, हे आजवर एकाही जिताड्याला ओळखता आलं नाही. तुम्हाला काय येणार?