ओळखलं तरच घरात

सारिका: थोरली खोटारडी, मधली हट्टी, धाकटी तर आतल्या गाठीची. तिघींतली एकही धड नाही, अक्का! पण कादंबरी अशी भन्नाट, की जळगावहून शिंदखेडा कधी आलं कळलंच नाही.

ललिता: इतल्या वाईट शेतस, तं वाचस कसाले?

सारिका: गुणी पोरींचं काय वाचायचं? ह्यांचा रागही येतो आणि जीवही लागतो. त्यातलं भुलाबाईचं प्रकरण ऐक. गाणी होतात, मग डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा. मधली दरवेळी पहिल्या झटक्यात ओळखते. थोरलीचा जळफळाट.

ललिता: कडी लाव पहिले. वारानी धूळ येस. ...मंग?

सारिका: लावली. मग थोरली एक डबा मधलीच्या हातात देते, तिला बाहेर काढते आणि आतून कडी लावते. म्हणते, ओळखलं तरच घरात.

ललिता: कोन्ही लिखेल शे हाई?

सारिका: नागपूरची कुणी बाई आहे. तिकडेही भुलाबाई बसवतात की. अगं, चहा उतू चालला!

ललिता: जाऊ दे च्या. पुढे सांग.

सारिका: मधली विहिरीच्या काठावर बसून डबा वाजवते. फुटाणे? नाही. खारका? नाही. शेंगदाणे? नाही. मग एकदम आवाज बंद. थोरली सगळ्यांना सांगते, मी तिला पाहिलंच नाही. ...अक्का, रडतेस?

ललिता: सारे, तुले ती थोरली आवडनी का? खरं सांग.

सारिका: दहा वर्षांची पोर ती. चीड आली, पण तिला टाकून पुढे जाता येईना.

ललिता: आपली मधली बहीन रुपली इहिरमा पडनी, त्या दिन डबा मीच दिन्हा व्हता. कडी मीच लायी. तीस वरीस व्हयनात, कोनलेच सांगं नही.

सारिका: मला माहीत होतं.

ललिता: काय?

सारिका: मी चार वर्षांची, तापानं फणफणलेली. पण खिडकी उघडी होती. डबा वाजत होता, मग वाजायचा थांबला. पुस्तकातली धाकटीही असंच ऐकते आणि गप्प राहते. मला सगळ्यात जास्त राग तिचाच आला. म्हणून तर पुस्तक घेऊन आले तुझ्याकडे.

ललिता: डबामा काय व्हतं, ते लिखेल शे का?

सारिका: शेवटच्या पानावर असेल. एकटीनं वाचायची छाती झाली नाही. काय होतं गं?

ललिता: तिनाच दुधना दात. त्याच दिन पडेल व्हता. घरना धाबावर फेक म्हनीसन तिनी माले दिन्हा, आनि मी डबामा टाका. खाऊ नव्हताच, ती वळखी कशी?

सारिका: थांब, वाचते. “मधलीनं डबा कानाशी नेला. हळूच हलवला. मग हसून म्हणाली, अक्का, ओळखलं. माझाच दात आहे.”

(बाहेर ओट्यावर पत्र्याचा डबा वाजतो. थांबतो. पुन्हा एकदा वाजतो.)

सारिका: अक्का... रुपलीचा डबा तर सापडलाच नव्हता ना?

ललिता: नही. ऊठ सारे, कडी काढ. तिनी वळखी लिधं.