खाणीतला भंडारा

मिरज स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत आम्रपालीच्या पुढं दोन म्हातारे बोलत होते. तिनं हातातलं पुस्तक मिटलं.

"सिद्धू, तुझा सूरज खाणीत करतो काय रं?"

"एका जातीचा अणू फुटायची वाट बघतोय. तीन वरसांत एकबी फुटला न्हाई."

"मग जमिनीखाली कशाला?"

"वर आभाळातनं येणाऱ्या किरणांचा लय गोंगाट. मिशनीला त्येची चाहूल लागत न्हाई."

"तू बघितलीस मिशन?"

"व्हय की. झाकण उघडंच हुतं. बिरोबाचं नाव घेतलं अन् मूठभर भंडारा उधळला."

"मग रं?"

"मिशन टिकटिकायची थांबंना गड्या. हळदीतबी कसलं कसलं अणू सारखं फुटत्यात म्हनं. आठ दिस समदी पुसत बसली, मीबी."

"सूरजचा सायेब चिडला आसंल."

"लय. पर झाकण लावल्यावर त्यानंच कपाळ फुडं केलं. म्हनला, आबा, आता फकस्त हितं लावा."