कबूल म्हणायच्या आधी

सपना: पुन्हा म्हण. एकदाच. दार लावलंय मी, कोणी ऐकत न्हाई.

मंतशा: क… क… क…

सपना: कबूल.

मंतशा: तू नको म्हणू! निकाह तुझा आहे का?

सपना: बरं बाई, चुकलं. सवयच लागली मला. अकरावीपासून तुझे अर्धे शब्द मीच बोलून राहिले. कॉलेजात हजेरीला तुझ्या वाटचं 'यस सर' बी मीच म्हणायचे.

मंतशा: आणि स… सरांनी मलाच गैरहजर मांडलं.

सपना: मग काय, एकाच गळ्यातून दोन नावांना उत्तर! हस की जरा.

मंतशा: मला लई भेव वाटून राहिलं, सपना.

सपना: म्हणून तर तुझ्यासाठी मोबाईलवर काढून आणलंय. ऐक. अमेरिकेचा अध्यक्ष होता ना बायडन, तो लहानपणी बोलता बोलता अडकायचा. आरशापुढं उभं राहून कविता म्हणायचा. हृतिक रोशन, तो बी. तोंडी परीक्षा असली की शाळेला दांडी. आणि इंग्लंडचा राजा. ती म्हातारी राणी वारली बघ, तिचा बाप.

मंतशा: त्या राजाला स… सासूपुढं बोलायचं नव्हतं.

सपना: अगं, सगळ्या दुनियेपुढं बोलायचं होतं, रेडिओवर!

मंतशा: दुनिया बरी. दुनिया म… माहेरी परत पाठवत न्हाई.

सपना: आजच्या दिवशी तुझ्या चुलत बहिणीचं, गुलनाजआपाचं काहून काढतीस?

मंतशा: काहून म्हणजे? तिला फ… फिट येत होती. सांगितलं न्हाई. निकाहच्या पंधराव्या दिवशी सासरच्यांनी जीपमधून आणून सोडली. घरात बी आली न्हाई ती, संध्याकाळपर्यंत ओट्यावरच बसून होती. माझं बी लपवलंय, सपना.

सपना: बघायला आले तवा तू बोललीस की त्यांच्याशी.

मंतशा: सलाम केला फक्त. बाकी सगळं अ… अम्मी बोलली. 'पोरगी लाजाळू आहे.' आणि का… का… त्यांच्याशी तर मी फोनवर बी बोलले न्हाई. आपल्या हट्टा गावात रेंज न्हाई म्हणून कळवलं. चार महिने नुसते मेसेज.

सपना: रेंज न्हाई आणि मेसेज मात्र जातात? गोरेगावात मोबाईलचं दुकान आहे तुझ्या कामरानचं. त्याला एवढं बी कळत नसंल का?

मंतशा: काल लिहिलं त्यांनी, 'उद्या पहिल्यांदा तुझा आवाज ऐकणार.'

सपना: मग आज नुसती मान हलव. तुझी अम्मीच म्हणाली मला, नवरी लाजून गप्प बसली तरी तिचा होकारच धरतात.

मंतशा: आज धरतील. उद्या सासू विचारील, च… चहात साखर किती टाकू, तवा कोणती मान हलवू?

सपना: दार वाजलं बघ. कोण?

गुलाम नबी: मी. उघड.

सपना: नबीमामू! आता बघ, घाबरायचं कामच न्हाई. वसमतच्या मोंढ्यात हळदीची बोली पुकारणारा माणूस, सारा तालुका आवाज ओळखतो, आणि तो निकाहात तुझ्या वतीनं बोलणारा वकील! या मामू, या.

गुलाम नबी: झालं का, बेटा? काझीसाब बसले. गवाह दाराशी आहेत.

मंतशा: मामू, एक क… काम होतं.

गुलाम नबी: बोल.

मंतशा: त्यांना सांगा. निकाहच्या आधी. माझी ज… ज…

सपना: जीभ अडकते म्हणून.

मंतशा: सपना!

गुलाम नबी: कोणाला सांगू? दुल्ह्याला? आता?

मंतशा: आत्ताच. त्यांनी ऐकल्यावरच मी होकार देईन.

गुलाम नबी: न्हाई, बेटा. वऱ्हाड बसलंय. उठून गेले तर?

मंतशा: आज गेले तर मी घ… घरातच आहे. जीपमधून यायची पाळी तरी येणार न्हाई.

सपना: मामू, दोन शब्दांचं तर काम आहे. तुमच्यासारखा बोलणारा माणूस…

मंतशा: लहानपणी तुमीच सांगायचे ना, पैगंबर मूसा अलैहिस्सलामच्या जिभेला गाठ होती. त्यांनी अल्लाकडं भ… भाऊ मागितला संगतीला. हारून. मग गेले त्या जुलमी राजापुढं, फिरऔनपुढं. मला भाऊ न्हाई, मामू. तुमीच माझे हारून.

गुलाम नबी: चुकीचा माणूस धरलास, बेटा.

मंतशा: काहून?

गुलाम नबी: हारूनची जबान साफ होती.

सपना: आणि तुमची? अख्खा मोंढा तुमच्या आवाजावर चालतो!

गुलाम नबी: मोंढ्यात मी बोलत न्हाई, पोरी. गातो. मांडीवर बोटानं ताल धरतो आणि गातो. तालात सगळं निघतं. घरी दोन-दोन शब्दांत भागवतो. जो शब्द अडेल वाटला तो टाकून देतो, दुसरा घेतो. बेटा, मी तुला कधी नावानं हाक मारली का?

मंतशा: …न्हाई. बेटाच म्हणता.

गुलाम नबी: तेवीस वर्षं झाली. तुझ्या नावाला आलं की पहिलं अक्षरच फुटत न्हाई मला. तुझ्या मामीच्या बी. तिला 'ऐकलं का' म्हणत जिंदगी काढली. लोक म्हणतात, काय अदबीचा माणूस!

मंतशा: मदीनामामीला ठ… ठाऊक होतं?

गुलाम नबी: निकाहनंतर कळलं. मी बी लपवलंच होतं. तिनं दुनियेत कोणाला सांगितलं न्हाई. पण आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई ती. ते आठ दिवस आठवले की अजून घाम फुटतो.

मंतशा: आणि तुमी आज व… वकील काहून झालात? वकिलाला तर नवरीचं नाव घ्यावं लागतं.

गुलाम नबी: तुझ्या अम्मीचा शब्द मोडवला न्हाई. काझीसाबला म्हणणार होतो, घसा बसलाय, नाव तुमीच घ्या.

मंतशा: तुमी बी भ… भेले.

गुलाम नबी: तुझ्याहून जास्त.

मंतशा: मग नका जाऊ, मामू. मीच फोन लावते त्यांना. आण सपना, म… मोबाईल आण.

गुलाम नबी: थांब. ठेव तो. मी तवा लपवलं, आज तुझं बी झाकून बसलो होतो. सपना, दार लाव माझ्यामागं.

[मांडवात चाललेला लाउडस्पीकर मधेच बंद होतो.]

मंतशा: गाणं काहून बंद झालं?

सपना: मामूंनी हात केला. खिडकीतून दिसून राहिलं मला. कामरानच्या पुढ्यात उभे आहेत.

मंतशा: बोलले?

सपना: तोंड उघडलंय. पण… न्हाई, शब्द निघून न्हाई राहिला. हात मागं बांधलेत त्यांनी. ताल धरत न्हाईत, मंतशा.

मंतशा: लोक ह… हसतात का?

सपना: एक पोरगं हसलं. त्याला कोणीतरी चापट मारली. मामूंची मान बघ कशी ताणलीय. निघाला शब्द! बोलून राहिले.

मंतशा: आणि त्यांचे अब्बा?

सपना: उठले.

मंतशा: या अल्ला. गेले?

सपना: न्हाई, नुसते उभे आहेत. तुझी सासू मात्र बायांमधून उठली. चालली. गाडीकडंच चालली.

मंतशा: मी ब… बघत न्हाई. तू बी नको बघू. माझा हात धर.

सपना: कवाचा धरलाय. तुलाच कळून न्हाई राहिलं.

मंतशा: सपना, ग… गाडी चालू झाली का?

सपना: न्हाई गं. पावलं वाजली. मामूच असतील.

गुलाम नबी: उ… उघडा.

सपना: काय झालं, मामू? बसा आधी. गेले का ते?

गुलाम नबी: तुझी सा… सासू गाडीत जाऊन बसली. फसवलं म्हणते. बाप म्हणाला, पो… पोराला विचारा.

मंतशा: आणि ते काय म्हणाले?

गुलाम नबी: त्यानं आधी मला पा… पाणी दिलं. मग विचारलं, चाचा, मेसेज तर तीच लिहिते ना? का ते बी तिच्या अ… अम्मीनंच लिहिले?

सपना: अगाई! मग?

गुलाम नबी: तीच लिहिते म्हणलं. तर म्हणाला, मग चार महिने झाले, तिच्याशीच ब… बोलून राहिलो मी. आणि काझीसाबकडं वळून बसला.

मंतशा: सासू उतरली का ग… गाडीतून?

गुलाम नबी: न्हाई. अजून तिथंच आहे. खोटं क… कशाला सांगू?

मंतशा: मला अजून भेव वाटून राहिलं, मामू.

गुलाम नबी: मला बी. गवाहांना आत बो… बोलवू?

मंतशा: ओढणी नीट कर गं, सपना. ब… बोलवा, मामू.

गुलाम नबी: या जुनेदभाई, या. दोघं बी इथं बसा. नीट ऐका. मी, गुलाम नबी, नवरीचा वकील म्हणून विचारतो. म… म… म…

सपना: मंत—

मंतशा: थांब, सपना. त्यांना घेऊ दे.

गुलाम नबी: म… म… मंतशा.

मंतशा: जी, मामू.